दोन मायक्रॉनची सरी

अब्बांचा उजवा पाय २०१८ च्या एप्रिल महिन्यात गुडघ्याच्या वर कापावा लागला. सतरा दिवस आधी ऑपरेशन झाले असते तर गुडघ्याच्या खाली कापून भागले असते. ते सतरा दिवस अब्बा माझ्या भरवशावर थांबले होते. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे. घराबाहेर मी ते कधी बोलले नाही. आज लिहिते आहे.

आमचे घर इचलकरंजीचे. या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली आला आणि त्यानंतर गावाला दुसरा आवाजच राहिला नाही. आमच्या गल्लीतले मूल मागाच्या खडखडाटात झोपते आणि वीज गेली, माग थांबले, की दचकून उठते. अब्बांचा स्वतःचा माग नव्हता. ते वहिफणीचे कामगार. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सायझिंगमधून खळ लावलेल्या सुताचे बीम येते. त्यावर तीन-चार हजार उभे धागे असतात. यातला प्रत्येक धागा आधी वहीच्या डोळ्यातून आणि मग फणीच्या घरातून हाताने ओढून घ्यावा लागतो. समोर बसलेला माणूस हूक आत घालतो, मागे बसलेला त्या हुकावर धागा ठेवतो. हूक येतो, धागा जातो. दिवसभर तेच. शाळा सुटली की अब्बांच्या मागे बसायची पाळी माझी. एक धागा चुकीच्या घरात गेला तर ती चूक कापडाच्या शेवटच्या मीटरपर्यंत जाते. म्हणून अब्बा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत, "बेटा, नजर धागे पे."

मोठा भाऊ मागावर लागला आणि मला शिकू दिले गेले. कोल्हापूरला बी.एस्सी., मग शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्रात एम.एस्सी. पॉलिमरच्या पेपरचा अभ्यास करताना एकदा मी मोठ्याने वाचत होते, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, १९२४ साली जर्मनीत तयार झालेला, पाण्यात विरघळणारा पॉलिमर. अब्बा चहा पीत होते. म्हणाले, "पीव्हीए ना? सायझिंग में पोते के पोते आते." मी पुस्तक खाली ठेवले. खरेच होते. सुताला ताकद यावी, मागावर धागा तुटू नये म्हणून स्टार्चच्या जोडीला खळीत पीव्हीए घालतात. पांढरी भुकटी, उकळत्या पाण्यात तासन्‌तास घोटायची. माझ्या पुस्तकातले रसायन अब्बांच्या बोटांना वीस वर्षे चिकटत होते. पुढे माझी सगळी पीएच.डी. याच भुकटीवर होणार आहे, हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हते.

२००९ साली मिरजेच्या एका इस्पितळात अब्बांच्या हृदयाची बायपास झाली. बिडी आणि साखर, दोन्ही जुने सोबती. छातीवरची शिवण पाहून अम्मी रडली, पण माझे लक्ष डाव्या पायाकडे होते. घोट्यापासून मांडीपर्यंत एक लांबलचक शिवण. तिथली शीर काढून हृदयावर बसवली होती. सर्जन म्हणाले, "पायाला ही शीर नसली तरी चालते, हृदयाला मात्र ती उपयोगी पडते." मी विचारले, प्लास्टिकची नळी का नाही बसवत? ते हसले. म्हणाले, "एवढ्या बारीक जागेत ती टिकत नाही. बंद पडते." मला हा प्रश्न पुरला. पुढची दहा वर्षे पुरला.

त्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे. आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचे एकपदरी अस्तर असते. त्याला एंडोथेलियम म्हणतात. हे अस्तर जिवंत असते. ते नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्ये सोडत राहते आणि रक्त गोठू देत नाही. काढून लावलेली शीर हे अस्तर बरोबर घेऊन जाते. प्लास्टिकच्या नळीला ते नसते. महारोहिणीसारख्या रुंद वाहिनीत प्रवाह जोरात असतो, तिथे अस्तराशिवायही भागते. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात मायकेल डिबेकी या सर्जनने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दुकानातून डेक्रॉनचे कापड आणले आणि बायकोच्या शिवणयंत्रावर त्याच्या नळ्या शिवल्या. त्यांना नायलॉन हवे होते. ते दुकानात संपले होते म्हणून डेक्रॉन घेतले. आजही महारोहिणीला विणलेल्या पॉलिएस्टरची नळी बसवतात. हे अब्बांना सांगितले तेव्हा ते खूश झाले. "मतलब कापडच की," म्हणाले. पण व्यास सहा मिलिमीटरच्या खाली गेला, प्रवाह मंदावला, की अशी नळी हळूहळू किंवा एकदम गुठळीने भरते. हृदयाच्या वाहिन्या तर दोन ते चार मिलिमीटरच्या. गुडघ्याखालच्याही तशाच बारीक.

२०१३ साली मला सिंगापूरला शिष्यवृत्ती मिळाली. विषय होता, बारीक रक्तवाहिनीसाठी हायड्रोजेलची नळी आणि तिच्या आतल्या पृष्ठभागावर काढायची नक्षी.

हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारी जाळी. रमजानमध्ये अम्मी चायना ग्रास करते. दूध, साखर आणि मूठभर चायना ग्रास. थंड झाले की थरथरती वडी होते. वडीत जवळजवळ सगळे द्रवच, तरी ती वाहत नाही, कारण आत अतिशय बारीक धाग्यांची जाळी असते. डोळ्यात घालायच्या मऊ लेन्सही त्याच जातीच्या. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात ओटो विख्टरले यांनी १९६१ च्या नाताळात मुलांच्या खेळण्याचे सुटे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून अशा लेन्स ओतायचे यंत्र घरीच बनवले होते. आमचे जेल पीव्हीएचे. भुकटी गरम पाण्यात घोटायची, मग सोडियम ट्रायमेटाफॉस्फेट नावाच्या क्षाराने तिच्या साखळ्यांना एकमेकींशी गाठी मारायच्या. तयार होते ती मऊ, लवचीक, टाका धरणारी नळी. नाडीच्या ठोक्याबरोबर ती खऱ्या रोहिणीसारखी थोडी फुगते आणि आवळते. कडक प्लास्टिकला ते जमत नाही.

या जेलचा मोठा गुण असा की त्याला काही चिकटत नाही. रक्तातली प्रथिने चिकटत नाहीत, म्हणून गुठळीही सहजासहजी धरत नाही. दोषही नेमका हाच. अस्तराच्या पेशींनाही त्यावर पाय रोवता येत नाही. पेशी येतात, गोल गोळा होऊन बसतात आणि वाहून जातात.  म्हणून पृष्ठभागावर काहीतरी खूण करावी लागते, जी धरून पेशी पसरेल.

पेशी स्पर्शाने वाट काढते, हे शंभर वर्षांपूर्वीच दिसले होते. रॉस हॅरिसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने कोळ्याच्या जाळ्याच्या तंतूंवर भ्रूणातल्या पेशी वाढवून पाहिल्या आणि १९१४ साली ते काम प्रसिद्ध केले. पेशी तंतू धरून लांबट होत गेल्या. आमचे काम त्याचेच नातू-पणतू. कोळ्याच्या तंतूऐवजी आम्ही जेलवर सरी-वरंबा पाडायचो. ऊस लावताना आमच्याकडे शेतात पाडतात तसाच, फक्त सरी दोन मायक्रॉनची आणि वरंबाही दोन मायक्रॉनचा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला तर एका केसाच्या रुंदीत सतरा सऱ्या आणि सतरा वरंबे बसतात.

एवढी बारीक सरी हाताने पडत नाही. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाच्या मदतीने नक्षी कोरतात. तिच्यावर रबर ओतून साचा घेतात. सपाट तुकडा हवा असेल तर साच्यावर पीव्हीएचे द्रावण ओतून वाळवले की झाले. नळीच्या आतल्या बाजूला सरी हवी असेल तर खरी परीक्षा. नक्षी बाहेरून असलेली कांडी घ्यायची, द्रावणात बुडवायची, वाळू द्यायची, पुन्हा बुडवायची. असे पुटावर पूट चढवून शेवटी आतली कांडी अलगद काढून घ्यायची. काढताना जेल फाटते. पहिल्या वर्षी माझ्या बारांपैकी नऊ नळ्या फाटायच्या. न फाटलेल्या पाण्यात घातल्या की फुगायच्या, वरंबे जाड व्हायचे आणि सरी भरून यायची. वाळल्यावर सुंदर दिसणारी नक्षी ओली झाली की पुसट. मग फुगल्यावर काय उरेल याचा हिशोब आधीच करून साचा कोरायचा. सरी फार रुंद, फार खोल झाली तर रक्त तिथे रेंगाळते आणि गुठळी धरते. फार उथळ झाली तर पेशीला ती कळतच नाही. मी चार वर्षे या दोन चुकांच्या मधली जागा शोधत होते. माझ्यासारखे आणखी बरेच लोक शोधत होते. सिंगापूरमधल्याच एव्हलिन यिम यांच्या गटाने पीव्हीएच्या नळीत अशी नक्षी उठवून, ती उंदरात बसवून पाहिल्याचे काम २०१६ साली प्रसिद्ध केले. पुढे त्या कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात गेल्या. आमच्या प्रयोगशाळेत तो निबंध आम्ही ओळ न्‌ ओळ वाचला.

२०१७ सालच्या मार्चमध्ये माझ्या पहिल्या चांगल्या नळीत पेशी नीट बसल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे सांगाडे हिरवे आणि केंद्रके निळी दिसत होती. सगळ्या एका दिशेला लांबट झोपलेल्या, सरीला धरून. शरीरातल्या निरोगी, सरळ रोहिणीत पेशी रक्ताच्या दिशेने अशाच झोपलेल्या असतात. जिथे वाहिनीला फाटा फुटतो किंवा वळण येते तिथे त्या आडव्यातिडव्या होतात, आणि चरबीचे थर बहुधा तिथेच साचू लागतात. म्हणून ते चित्र पाहून मला रडू आले. त्या रात्री मला वहिफणीच्या खोलीत मागे बसल्यासारखे वाटले. हजारो धागे, प्रत्येक आपल्या घरात.

मग उंदीर. उंदराच्या पोटातल्या महारोहिणीत आमच्या नळीचा तुकडा बसवला. दीड मिलिमीटर रुंद, एक सेंटिमीटर लांब. काही आठवड्यांनी पाहिले तर रक्त वाहत होते आणि आतून पेशींचे अस्तर धरू लागले होते.

जूनमध्ये रमजान ईदला घरी आले. लॅपटॉपवर अब्बांना ते चित्र दाखवले. सोबत सिलिकॉनची एक निकामी चकती आणली होती. ती त्यांच्या हातात दिली. सीडीच्या पाठीवर दिसतात तसे इंद्रधनुष्याचे रंग तिच्यावर खेळत होते, कारण रेघा तितक्याच बारीक. अब्बांनी ती उजेडात फिरवली. मग चित्राकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "ताणा दिखता. बाणा किधर है?"

मी थक्क झाले. रोहिणीच्या आतल्या अस्तराच्या पेशी उभ्या, लांबीच्या दिशेने असतात. त्याबाहेरच्या थरातले स्नायू मात्र वाहिनीला गोल वेढा घालून आडवे असतात. ताणा आणि बाणा. आडव्या थराशिवाय वाहिनीला जोर येत नाही. आमच्या विषयातले पुढचे सगळे अवघड काम त्या आडव्या थराचे आहे, आणि चौथी शिकलेल्या माझ्या बापाने ते एका नजरेत विचारले. मी त्यांना कागदावर काढून दाखवले. ते म्हणाले, "फिर तो पूरा कापड हुआ." त्या दिवशी घरात जो आनंद होता तो मी आजवर दुसऱ्या कशात पाहिला नाही. भावाने चार वर्षे माझ्या वाटणीचे घर चालवले होते. अम्मी शेजारणींना बोलावून चित्र दाखवत होती.

तेव्हा अब्बांची उजवी पोटरी दुखू लागली होती. मशिदीपर्यंत जाताना दोनदा थांबावे लागे. अम्मीने सहज विचारले, "ये नली इनके पाँव में चलेगी?"

मी म्हणाले, "चलेगी ना. बस थोडे दिन रुको."

एवढेच. लहान मुलाला चंद्र दाखवावा तसे मी ते म्हणाले. त्यात खोटे बोलायचा हेतू नव्हता. आनंदाचा दिवस होता, कुणाला नाही म्हणवले नाही.

नोव्हेंबरमध्ये नख काढताना अब्बांच्या उजव्या अंगठ्याला जखम झाली. ती भरली नाही. डिसेंबरात अंगठा काळा पडला. तपासणीत मांडीपासून गुडघ्याच्या खालपर्यंतची रोहिणी बंद निघाली. फुग्याने उघडता येईना. बायपास हाच उपाय, आणि बायपासला शीर हवी. डाव्या पायाची शीर हृदयाला दिलेली. उजव्या पायाची सोनोग्राफीत बारीक आणि मध्येच बुजलेली निघाली. हातांच्या शिरा सुयांनी खराब झालेल्या. शेवटी प्लास्टिकची नळी बसवली. गुडघ्याच्या खाली शिरेच्या मानाने ती फार कमी टिकते, हे सर्जनांनी भावाला आधीच सांगितले होते. फेब्रुवारीत ती बंद पडली. उघडून साफ केली. तीन आठवड्यांनी पुन्हा बंद पडली. मग ते म्हणाले, आता गुडघ्याच्या खाली पाय काढू. गुडघा राहिला तर नकली पायावर चांगले चालता येईल. उशीर करू नका.

अब्बा नाही म्हणाले. का, ते त्यांनी डॉक्टरांना सांगितले नाही, भावालाही सांगितले नाही. मला फोनवर रोज विचारायचे, काम कसे चालले आहे? मी सांगायचे, चांगले चालले आहे. मला वाटायचे, पाय बरा होत असावा. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे. मी रात्री अकराला फोन करायचे तेव्हा इकडे साडेआठ वाजलेले असायचे आणि अब्बांचा आवाज थकलेला असायचा. दिवसाचा थकवा असेल, असे मी समजायचे.

सोळाव्या दिवशी भावाचा फोन आला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. तो म्हणाला, "त्यांना ताप आहे. पाय पोटरीपर्यंत काळा झालाय. ते तुझ्या नळीची वाट बघतायत. अम्मीला म्हणाले, लेक म्हणाली होती थोडे दिवस थांबा. आता तूच येऊन सांग."

मी मिळेल त्या विमानाने मुंबईला आणि तिथून गाडी करून मिरजेला पोहोचले. खोलीत तो वास होता. ज्यांनी तो वास घेतला आहे त्यांना सांगायला नको. अब्बा मला पाहून उठायला लागले. मी त्यांच्याजवळ बसले आणि सगळे सांगितले. आमची नळी एक सेंटिमीटरची आहे, अब्बांच्या पायाला चाळीस सेंटिमीटर तरी लागेल. उंदराच्या नळीत दोन्ही टोकांकडून पेशी चालत येतात आणि मध्ये भेटतात, म्हणून अस्तर पुरे होते. माणसाच्या नळीत त्या टोकाकडून एक-दोन सेंटिमीटर चालतात आणि थांबतात. वर्षे गेली तरी पुढे जात नाहीत. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होते. पुस्तकात पहिल्याच प्रकरणात असते. उंदरानंतर मेंढी, डुक्कर, मग माणसावरच्या चाचण्या, मग परवानगी. माझ्या हयातीत होईल का, तेही सांगता येत नाही.

अब्बांनी मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी विचारले, "चूहे में चली थी ना?"

"हौ, अब्बा."

"आदमी में किसी के नै?"

"नै."

ते थोडा वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तो बोलने का था ना, बेटा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कागदावर अंगठा दिला. जंतुसंसर्ग वर चढला होता. पाय गुडघ्याच्या वर कापला.

मी विज्ञानाला दोष देत नाही. नक्षीने पेशीला दिशा मिळते हे खरे आहे. आमच्या चित्रात एकही रेघ खोटी नव्हती. खोटे होते ते चित्र आणि अब्बांचा पाय यांच्यामधले अंतर, जे मी एका वाक्यात मिटवून टाकले. एक सेंटिमीटर आणि चाळीस सेंटिमीटर यांच्यामध्ये किती माणसांची किती वर्षे जातात याची कल्पना घरच्यांना असायचे कारण नव्हते. मला होते. अमेरिकेत १९९९ साली डुकराच्या पेशींपासून प्रयोगशाळेत रक्तवाहिनी वाढवल्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या गटाच्या पुढच्या कामातून आलेल्या, माणसाच्या पेशींपासून वाढवलेल्या आणि मग पेशी धुऊन काढलेल्या वाहिनीला तिथल्या औषध प्रशासनाने परवानगी दिली ती २०२४ च्या डिसेंबरात. मध्ये पंचवीस वर्षे गेली. तीही परवानगी फक्त मोठ्यांच्या हातापायांच्या रोहिणीला इजा होऊन पाय किंवा हात जायची वेळ आली आणि स्वतःची शीर वापरता येत नसेल तेव्हापुरती. आमच्या जेलच्या नळीला तर अजून बरेच चालायचे आहे.

पीएच.डी. संपवून मी २०१९ साली परत आले. आता पुण्यात शिकवते आणि एका छोट्या प्रयोगशाळेत तेच काम चालू आहे. सध्या आडव्या थराच्या मागे आहे. आत उभी सरी, बाहेर गोल वेढा. बाण्याशिवाय कापड होत नाही, हे अब्बांचे म्हणणे मी विद्यार्थ्यांना सांगते, कुणाचे ते सांगत नाही. दोन थर एकत्र ओतले की एक दुसऱ्यापेक्षा जास्त फुगतो आणि नळी पीळ खाते. गेल्या महिन्यात बारांपैकी सात सरळ राहिल्या. मुले उत्साहाने विचारतात, मॅडम, घरी सांगू का? मी म्हणते, सांगा, पण पेशी कुठे वाढल्या ते आधी सांगा. काचेच्या बशीत की उंदरात की माणसात. आणि किती लांबीवर.

अब्बांना वर्षभराने नकली पाय बसवला. गुडघ्याच्या वरचा असल्याने त्याच्यावर चालणे कष्टाचे. वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरतात. वहिफणीचे काम आता यंत्राने होऊ लागले असले तरी आमच्या भागात हाताची मागणी अजून आहे, आणि ते बसून करायचे काम आहे. अब्बा आठवड्यातून दोन दिवस जातात. पूर्वीसारखे समोर नाही बसत. मागे बसून धागा देतात.

दुपारच्या चहाला मागवाले, कांडीवाल्या, सायझिंगची माणसे जमतात. त्यातल्या कुणाला साखर, कुणाच्या खिशात बिडी. अब्बा बसल्या जागेवरून प्रत्येकाला चपला काढायला लावतात आणि बोटे बघतात. जखम दिसली, बोट काळवंडलेले दिसले की त्याच दिवशी दवाखान्यात पाठवतात. कुणी टाळाटाळ केली, आठ दिवसांनी जातो म्हणाला, तर आपला रिकामा लेंगा गुंडाळून वर करून दाखवतात. मागच्या सुट्टीत मी तिथे होते. माझ्याकडे बोट करून ते एकाला मराठीत म्हणाले, "ही माझी लेक. रक्ताच्या नळ्या करते. चांगल्या करते. पण तू तिच्या नळीची वाट बघू नकोस, आजच जा."

सगळे हसले. मीही हसले. तो माणूस चपला घालून गेला.